मुरूम लागला, एवढ्यावर पाया ठरवू नका

कर्जत-खालापूर भागात घर बांधायला काढलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक वाक्य ऐकावे लागते : "माती परीक्षण कशाला? सह्याद्रीचा पायथा आहे हा. चार फुटांवर मुरूम, आठ फुटांवर कातळ." प्लॉट विकणारा हे सांगतो, ठेकेदार सांगतो, जेसीबीवाला सांगतो. नकाशावर सही करणारे काही इंजिनिअरही तेच गृहीत धरून फुटिंगचे माप लिहून मोकळे होतात. या वाक्याला माझा विरोध आहे, आणि तो सविस्तर मांडायचा आहे, कारण ते या दोन तालुक्यांत रोज कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीवर लागू केले जाते.

जमीन कठीण आहे का, हा प्रश्न पाया ठरवताना तिसऱ्या क्रमांकावर येतो. ती घराच्या चारही कोपऱ्यांखाली सारखी आहे का, हा पहिला. आणि मे महिन्यात जशी दिसली तशीच जुलैत राहते का, हा दुसरा. ही दोन उत्तरे हातात नसताना ठरवलेला पाया म्हणजे निव्वळ अंदाज, मग त्यात लोखंड कितीही घाला.

त्या वाक्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. उरण-पनवेलच्या खाडीकाठासारखा खोल मऊ गाळ इथे नाही. कर्जत आणि खालापूर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसले आहेत आणि बहुतेक ठिकाणी खडक पोहोचण्याजोग्या खोलीवर मिळतो. त्यामुळे इथला पाया खाडीकाठच्या पायापेक्षा स्वस्तात होऊ शकतो, हेही खरे. पण "खडक जवळ आहे" यावरून "खडक एकसंध आहे" असा निष्कर्ष काढला जातो, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते.

बोर घाटातून जाताना कापलेल्या दरडीकडे पाहिले तर काळ्या खडकाच्या मधोमध तांबड्या पट्ट्या दिसतात. लाव्ह्याचा एक थर पसरला, निवला, उघड्यावर राहून झिजला आणि मग त्याच्यावर दुसरा थर आला. मधला तो तांबडा थर कोरडा असताना कुदळीला सहजासहजी दाद देत नाही. हवा-पाणी लागले की त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो चिकट होतो. शिवाय प्रत्येक लाव्ह्याचा थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. तळाशी घट्ट काळा कातळ, वर बुडबुड्यांची भोके असलेला आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेला ठिसूळ खडक, कुठे तुकड्यातुकड्यांचा जोडलेला खडक. बांधावरचा माणूस या सगळ्यालाच कातळ म्हणतो. डोंगरउतारावरच्या दहा गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये यातले तीन प्रकार एकत्र सापडणे अजिबात अवघड नाही. खडकावरच्या उथळ पायासाठी आपल्याकडे आयएस 12070 हे स्वतंत्र मानक आहे. खडक म्हणजे खडक, त्यात पाहायचे काय, असे असते तर ते लिहायची गरज पडली नसती.

त्याहून फसवा असतो गोटा. बेसाल्टला उभ्याआडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी मुरते, चौकोनी ठोकळे कोपऱ्यांकडून झिजत जातात, आणि बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटून आत निळसर काळा, लोखंडासारखा गाभा शिल्लक राहतो. हा गाभा कधी डोक्याएवढा असतो, कधी मोटारीएवढा. त्याच्याभोवती हाताने उकरता येईल असा मुरूम. पोकलेनचा ब्रेकर त्याच्यावर आदळला की खणखणीत आवाज येतो आणि साइटवर जाहीर होते, "लागला कातळ." बारा खांबांच्या बंगल्यात तीन खांब अशा गोट्यांवर आणि नऊ खांब मुरमावर बसले, तर वरून सगळे सारखेच दिसतात. माथेरानच्या उताराखाली, नेरळच्या बाजूला, किंवा इर्शाळ-प्रबळच्या पायथ्याशी तर शेकडो वर्षे वरून घरंगळत आलेले धोंडे आणि त्यांच्यामध्ये साचलेली माती यांचीच जमीन आहे. तिथे धोंडा लागणे हा खडक लागल्याचा पुरावा धरताच येत नाही. धोंड्याच्या आरपार किमान काही फूट भोक पाडून खालीही तोच खडक आहे की पुन्हा माती लागते, हे पाहावे लागते. बोअरमधून निघालेल्या खडकाच्या कांडीत दहा सेंटिमीटरपेक्षा लांब, अखंड तुकडे एकूण लांबीच्या किती टक्के आहेत, हे मोजले की खडकाची प्रत कळते. पाहायला ही साधी गोष्ट आहे, पण ती जेसीबीच्या दातांना कळत नाही.

"आम्ही प्लेट टाकून लोड टेस्ट केली आहे," असे काही मोठ्या प्रकल्पांचे लोक सांगतात. त्यांच्यासाठी कॅनडातले एक जुने उदाहरण आहे. विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने धान्याचे अजस्र कोठार बांधले. बांधण्यापूर्वी पायाच्या पातळीवर भार ठेवून जमीन तपासली होती आणि वरची चिकण माती त्या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती. 18 ऑक्टोबर 1913 रोजी, कोठार भरत असताना, ते खचू लागले आणि एका दिवसात जवळजवळ 27 अंशांनी कलंडले. भिंतींना फारसे काही झाले नाही, कारण बांधकाम उत्तम होते. घट्ट मातीखाली मऊ मातीचा थर होता. छोट्या प्लेटचा दाब तिथवर पोहोचलाच नव्हता, संपूर्ण कोठाराचा पोहोचला. पुढे ते खाली खडकापर्यंत खांब घालून सरळ करण्यात आले. लहान तुकड्यावरची परीक्षा तेवढ्याच खोलीचे बोलते. कर्जतच्या तांबड्या थरावर पातळ कातळाची लादी असेल, तर प्लेट लोड टेस्ट लादीलाच गुण देईल.

आता मुख्य मुद्दा. पायांबाबतचे आपले मानक, आयएस 1904, एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. घट्ट जमिनीवर स्वतंत्र फुटिंग असलेली आरसीसी इमारत एकूण 50 मिलिमीटर खचली तरी चालते. पण शेजारच्या दोन खांबांच्या खचण्यातला फरक त्यांच्यातल्या अंतराच्या 0.0015 पटीपेक्षा जास्त चालत नाही. खांब चार मीटर अंतरावर असतील तर हा फरक होतो 6 मिलिमीटर. पन्नास आणि सहा. अख्खे घर मुरमावर सारखे वीस मिलिमीटर बसले तर कुणाला कळणारही नाही. अर्धे घर कातळावर आणि अर्धे भरावावर असेल, तर कातळाकडची बाजू जागची हलत नाही, भरावाकडची वीस मिलिमीटर बसते, आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाते. म्हणजे प्लॉटमध्ये कातळ लागला ही नेहमी आनंदाची बातमी नसते. एका कोपऱ्यात लागला असेल तर ती धोक्याची सूचना आहे.

आणि कर्जत-खालापूरचे सध्याचे बांधकाम नेमके अशाच जमिनीवर चालले आहे. डोंगरउतार विकत घ्यायचा, वरची बाजू कापायची, कापलेला मुरूम-दगड खालच्या बाजूला लोटायचा, पुढे दगडी भिंत उभारायची, आणि पायऱ्यापायऱ्यांचे सपाट प्लॉट करून विकायचे. हिरवळ लावल्यावर प्लॉटचा कुठला भाग मूळ जमिनीचा आणि कुठला लोटलेला, हे डोळ्यांना दिसत नाही. घर मात्र दोन्हींवर उभे राहते. त्यातही दरीकडचे दृश्य दिसावे म्हणून ते कडेला सरकवले जाते, म्हणजे जिथे भराव सगळ्यांत जाड आहे तिथे. त्याच मानकात उतारावरच्या पायासाठी अट आहे : फुटिंगच्या तळाच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात किमान 60 आणि मातीत किमान 90 सेंटिमीटर हवे. हे किमान आहे, आणि मूळ जमिनीसाठी आहे. भरावाचे काय? राष्ट्रीय इमारत संहितेतल्या ज्या ठोकळ तक्त्यातून अनेक जण जमिनीची भारक्षमता उचलतात, त्याच तक्त्यात भरावापुढे आकडा दिलेला नाही. तपासणी करूनच ठरवा, एवढेच लिहिले आहे. "इथल्या मुरमाला अमुक टन धरतात" म्हणणाऱ्यांनी त्या तक्त्याची ती ओळही वाचावी.

भराव कधीच चालत नाही, असे मी म्हणत नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांत टाकून, योग्य ओलीवर, प्रत्येक थराला धुमस करून किंवा रोलर फिरवून दाबलेला आणि तपासलेला भराव हलक्या इमारतीला चांगला आधार देतो. पोकलेनने उतारावरून ढकललेला ढीग दोन पावसाळ्यांत "आपोआप बसतो" हा मात्र समज आहे. तो वर्षानुवर्षे बसत राहतो, आणि कुठे किती हे त्याच्या पोटातल्या दगडांवर अवलंबून असते.

नवे माळीण आठवा. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळली, 151 माणसे गेली. पुनर्वसनाचे गाव आमडे इथे उभे राहिले आणि एप्रिल 2017 मध्ये लोकांच्या ताब्यात आले. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे भराव खचला, रस्ते आणि गटारे उखडली, आणि एकदा सगळे गमावलेली माणसे पुन्हा भयभीत झाली. डोंगर कापून सपाट केलेली जमीन पहिल्या पावसाला सामोरी जाते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने सरकारी देखरेखीखालच्या कामात पाहिले आहे. खासगी प्लॉटिंगमध्ये त्याहून जास्त काळजी घेतली जाते, असे मानायला मला आधार सापडत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे : "आमच्या आजोबांनी कुठे माती तपासली होती? शंभर वर्षांची घरे उभी आहेत." हे उत्तर मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात आजोबांचा अपमान आहे. आजोबांनी जमीन पुरती तपासली होती. या पट्ट्यातले कुठलेही जुने गावठाण पाहा. कडाव, कशेळे, चौक, कुठेही जा. गावठाण थोड्या उंचवट्यावर, मुरमाड जागेवर असते, सभोवती उतरत गेलेली भातखाचरे, आणि वर वरकस जमीन. चिकण काळसर माती भाताला आणि कोरडा मुरूम घराला, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाळ्यांनी शिकवलेली होती. ज्या जागी पाणी साचते तिथे घर नाही, ज्या जागी ओघळ येतो तिथे घर नाही. शिवाय ती घरे वेगळी होती. लाकडी खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचे लिंपण. जमीन बोटभर हलली तर कूड वाकायचा, लिंपण तडकायचे, आणि दिवाळीआधी पुन्हा सारवले जायचे. आज आपण बांधतो ती काँक्रीटची चौकट आणि विटांची भिंत वाकत नाही, तडकते. आणि ती बांधतो कुठे? आजोबांनी भाताला सोडलेल्या खाचरांत, कारण गावठाणात जागा नाही आणि एनए होऊन विकायला तीच सपाट जमीन आली आहे. आजोबांचा निर्णय उलटवायचा आणि दाखला मात्र आजोबांचाच द्यायचा, हे चालणार नाही.

खाचरांतली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ फुटिंग तिच्यात ठेवले तर ते दरवर्षी किंचित वर उचलले जाते आणि किंचित खाली येते, प्रत्येक कोपऱ्यात वेगवेगळे. हलक्या घराला याचा त्रास जड इमारतीपेक्षा जास्त होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके वजन त्याच्यात नसते. "एवढंसं तर घर आहे, त्याला काय होतंय," हे म्हणणे इथे उलटे पडते. माती किती फुगते हे कळायला फार काही लागत नाही. चाळलेल्या कोरड्या मातीचे दोन नमुने घ्यायचे, एक पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये भिजवायचा, आणि चोवीस तासांनी दोन्हींची उंची मोजायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक समोर दिसतो.

उपाय माहीत आहेत आणि परवडणारेही आहेत. चिकण मातीचा थर तीन-चार फुटांचा असेल तर तो ओलांडून सगळी फुटिंगे खालच्या एकाच मुरमावर नेणे, आणि जोत्याखाली बाहेरचा बिगर-फुगणारा मुरूम थराथराने भरणे. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर बल्ब असलेले अंडर-रीम्ड पाईल. ते साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंनुसार ओल बदलणाऱ्या थराच्या खाली रोवले जातात, आणि वरच्या बीमखाली मोकळी फट ठेवली जाते, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. पण हे सगळे करून घराशेजारी शोषखड्डा खणला, छपराच्या पागोळ्या थेट जोत्याशी पडू दिल्या, किंवा फार्महाऊसचा गळका जलतरण तलाव भिंतीला चिकटवला, तर एका बाजूची माती बारमाही ओली राहते आणि पुन्हा तोच असमानपणा आपण हाताने तयार करतो. तलावाबद्दल आणखी एक : भरपावसात तो साफसफाईसाठी रिकामा करू नका. बाहेरचे भूजल त्याला खालून उचलते.

दुसऱ्या टोकाचे सल्लागारही आता या भागात दिसू लागले आहेत. "टेन्शन नको, सगळीकडे पाईल टाका." हेही तितकेच आंधळे आहे. गोट्यांच्या जमिनीत पाईलचे भोक एखाद्या मोठ्या धोंड्यावर थांबते आणि तोच तळखडक मानून काँक्रीट ओतले जाते. मग फसगत जमिनीपासून खोल आणि अदृश्य होते, एवढाच फरक. सरकणाऱ्या उतारात तर माती पाईलला आडवी ढकलते, आणि बारीक पाईल उभ्या भारासाठी कितीही सक्षम असला तरी या आडव्या रेट्यासाठी बनवलेला नसतो. एकमजली घराला, चार फुटांवर सगळीकडे चांगला मुरूम असेल, तर साधे स्वतंत्र फुटिंग हाच उत्तम पाया आहे, आणि तसे लिहून देणारा इंजिनिअर मला जास्त विश्वासू वाटतो. उतारावर कमी-जास्त उंचीच्या खांबांवर उभ्या केलेल्या बंगल्यांबाबत एक इशारा इथेच देतो : भूकंपात आखूड खांब लांब खांबांपेक्षा ताठ असल्याने जास्त हिसका आपल्यावर ओढून घेतात. कर्जत-खालापूरचा हा भाग आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत तिसऱ्या भूकंप विभागात आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

पायाच्या निवडीला एक मर्यादा आहे, आणि ती खालापूर तालुक्याने भयंकर किंमत देऊन दाखवली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे सापडलीच नाहीत. तिथल्या ठाकूर आदिवासी कुटुंबांच्या घरांच्या पायात काय चुकले, हा प्रश्नच गैरलागू आहे. उतारच सुटला तर कुठलाही पाया उपयोगाचा नाही. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने विधिमंडळातच सांगितले. म्हणून "यादीत नाव नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा घेणारे जे प्लॉटविक्रेते आहेत, त्यांचाही प्रतिवाद इथे करतो. वरच्या उतारावर भेगा आहेत का, झाडे वाकलेली आहेत का, पावसात नव्या जागी झरे फुटतात का, खाली कापलेल्या दरडीचे पाणी कुठे जाते, हे पाहणे पायाच्या आधीचे काम आहे. आणि जे बिल्डर उतार कापतात ते केवळ स्वतःच्या प्लॉटपुरते कापत नाहीत. वरच्या वाडीचा आधार काढून घेत असतात.

राहिला पैशांचा मुद्दा. ज्याच्या दारात पोकलेन आलेला आहे त्याने हा मुद्दा काढू नये. तोच पोकलेन घराच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच खड्डे अर्ध्या दिवसात खणतो. प्रत्येक खड्ड्यात कुठली माती किती खोलीपर्यंत, हे टेप धरून लिहायचे. पाचांत फरक दिसला तर बोअर घ्यायचे, नाही दिसला तर साध्या घरापुरते काम झाले. एक खड्डा भक्कम कुंपण घालून जुलैपर्यंत राखून ठेवायचा आणि पाणी कुठवर चढते ते पाहायचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या तालुक्यांत मे महिन्याचा कोरडा खड्डा अर्धीच माहिती देतो. भूजल फुटिंगच्या तळाशी आले की आयएस 6403 मधल्या सूत्राचा एक भाग थेट निम्म्यावर येतो. प्लॉट विकणाऱ्याकडून मात्र एक कागद मागितलाच पाहिजे : सपाटीकरणापूर्वीचा उंचसखलतेचा नकाशा. मूळ जमीन कुठे होती हे त्यावरून कळते, म्हणजे भराव किती हेही कळते. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर असते. पण नुसता प्लॉट घेऊन स्वतः ठेकेदार लावणाऱ्याला त्याच्या घराच्या भेगांसाठी हे छत्र मिळत नाही. त्यामुळे हा नकाशा विक्रीच्या करारालाच जोडणे सक्तीचे केले पाहिजे, ही माझी मागणी आहे.

ज्याच्या दारात पोकलेन येत नाही, त्याचा मुद्दा मात्र खरा आहे. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराचे मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, कातकऱ्यांसाठी पीएम-जनमनमध्ये 2 लाख. त्यातून माती परीक्षणाचे पैसे काढा असे कुणी म्हणू नये. हे काम सरकारने वाडीनिहाय करायला हवे, आणि त्यासाठी नवे महामंडळ नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करते, तिच्याकडे भूवैज्ञानिक आहेत, निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आहेत. त्या नोंदी ग्रामपंचायतीच्या घरकुल फायलीत येत नाहीत, एवढीच अडचण आहे. त्याच्याही आधी, उद्यापासून करता येईल असे एक काम आहे. या भागातल्या प्रत्येक गावात न बांधलेल्या विहिरी आहेत. मे महिन्यात पाणी तळाला गेले की त्यांच्या भिंतींवर माती, मुरूम, तांबडा थर, कातळ, सगळे क्रमाने उघडे दिसते, वीस-तीस फुटांपर्यंत. घराच्या जागेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन विहिरी, सोबत गावातला विहीर खणणारा एखादा वयस्कर माणूस, आणि मोजायला टेप. घरकुल मंजूर करणाऱ्या अभियंत्याने आखणी करण्याआधी एवढे पाहून त्याची नोंद फायलीत केली पाहिजे.